एकच ‘टक्’, तीन वेगळे ताण: पंपाच्या झाकणातून झालेल्या गळतीचा प्रकरण अभ्यास

एका देखभाल कार्यशाळेत सेंट्रिफ्यूगल पंपाची संपूर्ण दुरुस्ती झाल्यानंतर 10 बार दाबाने पाण्याची चाचणी घेण्यात आली, तेव्हा पंपाच्या मागच्या झाकणाच्या खालच्या कडेने पाणी झिरपू लागले. हे झाकण एम16 मापाच्या, 8.8 दर्जाच्या 12 बोल्टांनी बसवलेले होते आणि झाकण व पंपाचे शरीर यांच्यामध्ये 1.5 मिलिमीटर जाडीचे नवे गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली फट बंद करणारा दबणारा थर, होते. निर्मात्याच्या पुस्तिकेत प्रत्येक बोल्टासाठी 150 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिलेला होता, आणि त्याच ओळीत आटे व बोल्टाच्या डोक्याखालची बाजू हलक्या यंत्रतेलाने ओलसर केलेली असावी, अशी अटही होती.

या प्रकरणात ढोबळ अर्थाने कोणीही निष्काळजीपणा केलेला नव्हता. बोल्ट अंदाजाने आवळलेले नव्हते, ठरलेल्या टॉर्कला खूण देणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, वापरला होता, त्यावर 150 हा आकडा लावलेला होता, प्रत्येक बोल्टावर रेंचचा ‘टक्’ असा आवाज ऐकूनच फिटरने हात थांबवला होता आणि जॉब कार्डावर तशी नोंदही केली होती. तरीही जोड गळला. टॉर्क रेंच हाती असणे आणि तो बरोबर वापरणे यांत किती अंतर असते, हे इथे फार स्पष्टपणे दिसते, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखे आहे.

पहिला प्रतिसाद

गळती दिसताच दाब उतरवण्यात आला आणि पर्यवेक्षकाने तोच रेंच 150 वर ठेवून बाराही बोल्ट पुन्हा तपासले. प्रत्येक ठिकाणी बोल्ट तसूभरही न हलता आवाज आला. यावरून बोल्ट बरोबर आवळलेले आहेत आणि दोष गॅस्केटमध्येच आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर केवळ गळतीच्या जागेजवळचे दोन बोल्ट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वरून मोजल्यास सहावा आणि सातवा, रेंच 180 वर नेऊन पुन्हा आवळण्यात आले. ते किंचित हलले, तिथली गळती कमी झाली, आणि पुन्हा दाब देताच नववा बोल्ट होता त्या बाजूने पाणी दिसू लागले.

या प्रतिसादात दोन गोष्टी चुकल्या. पहिली अशी की, ज्या रेंचने बोल्ट आवळले त्याच रेंचने, तोच आकडा लावून केलेली फेरतपासणी ही तपासणीच नसते. रेंचमध्ये दोष असेल तर तो दोन्ही वेळा सारखाच येतो आणि चुकीला दुजोरा मिळतो. शिवाय आधीच आवळलेला बोल्ट पुन्हा हलवण्यासाठी स्थिर घर्षणावर मात करावी लागते आणि ते फिरत्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असते. म्हणून बोल्टाचा ताण मधल्या काळात थोडा उतरलेला असला तरीही, बोल्ट हलण्याआधीच क्लिक रेंच (‘टक्’ असा आवाज देणारा हाच प्रकार) आवाज देऊन मोकळा होतो. क्लिक रेंच ‘आता थांबा’ एवढेच सांगू शकतो, बोल्टावर प्रत्यक्षात किती टॉर्क आहे हे तो सांगू शकत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर आकडा दाखवणारा, म्हणजे डायलचा किंवा डिजिटल रेंच लागतो.

दुसरी चूक फक्त दोनच बोल्ट जास्त आवळण्याची होती. गॅस्केट असलेल्या जोडात एक बोल्ट आवळला की त्याच्या शेजारचे गॅस्केट आणखी दबते आणि शेजारच्या बोल्टांचा ताण उतरतो. गळती थांबवण्यासाठी एकाच जागी जोर लावल्यास ती दुसऱ्या जागी सरकते, आणि इथे नेमके तेच घडले.

खोलण्यापूर्वीचे मोजमाप

यापुढचा निर्णय मात्र योग्य होता. झाकण लगेच खोलून पुरावा घालवण्याऐवजी आधी मोजमाप घेण्याचे ठरले. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून झाकणावर उतरणारी बारीक रेघ मारण्यात आली, नंतर एकेक बोल्ट थोडा सैल करून डायल रेंचने रेघा पुन्हा जुळेपर्यंत आवळला गेला आणि त्या क्षणाचा आकडा लिहून घेतला. ही पद्धत अंदाजाचीच आहे, कारण बोल्ट सैल करून पुन्हा आवळताना घर्षण थोडे बदलते. पण बोल्टाबोल्टांतला फरक कळण्यासाठी ती पुरेशी असते.

आकडे तीन गटांत पडले. सात बोल्ट 136 ते 141 न्यूटन-मीटरच्या दरम्यान होते. बारावा, पहिला आणि दुसरा हे वरचे तीन बोल्ट 156 ते 160 वर होते. आणि ज्यांच्यामधून पाणी आले ते सहावा व सातवा 165 च्या आसपास होते. म्हणजे सर्वांत जास्त टॉर्क असलेल्या बोल्टांपाशीच गळती होती. टॉर्क म्हणजेच घट्टपणा, असे समजणाऱ्याला हे कोडे वाटेल. झाकण उतरवल्यावर गॅस्केटची जाडी मायक्रोमीटरने मोजली, तेव्हा पहिल्या बोल्टाजवळ ती 1.31 मिलिमीटर आणि सहाव्या-सातव्याच्या मध्ये 1.42 मिलिमीटर भरली. जिथे टॉर्क सर्वाधिक होता तिथेच गॅस्केट सर्वांत कमी दबले होते. एकाच कारणाने हे सगळे आकडे जुळत नव्हते. तीन वेगवेगळी कारणे एकमेकांत मिसळली होती आणि ती एकेक करून वेगळी करावी लागली.

रेंचची अवस्था

वापरलेला रेंच 60 ते 300 न्यूटन-मीटर क्षमतेचा क्लिक प्रकारचा होता. या प्रकारात दांड्याच्या नळीत एक दाबलेली स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावतो तेव्हा आपण ती स्प्रिंग कमी-जास्त दाबत असतो. बोल्टाचा विरोध स्प्रिंगच्या जोरापलीकडे गेला की आतला ठोकळा आपल्या खाचेतून निसटतो, रेंचचे डोके काही अंश वाकते आणि हाताला व कानाला खूण मिळते. त्यानंतरही ओढत राहिल्यास रेंच अडवत नाही, टॉर्क वाढतच जातो. आवाजानंतर ‘खात्रीसाठी’ आणखी एक झटका देण्याची सवय अनेकांना असते. त्या झटक्याने लावलेला आकडा हमखास ओलांडला जातो, म्हणून ती सवय मोडलीच पाहिजे. ठरलेल्या टॉर्कला डोके पूर्ण निसटून पुढे टॉर्क जाऊच न देणारे, घसरणारे रेंचही असतात, पण ते मुख्यतः लहान मापाच्या कामांत दिसतात.

कॅलिब्रेशन यंत्रावर, म्हणजे रेंचची अचूकता तपासणाऱ्या यंत्रावर, हा रेंच क्षमतेच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर, म्हणजे 60, 180 आणि 300 वर तपासला. तिन्ही ठिकाणी तो सुमारे 8 टक्के लवकर वाजत होता: 180 वर लावला असता 166 ला, आणि त्याच हिशेबाने 150 वर लावला असता 138 ला. अशा रेंचसाठी आयएसओ 6789 या मानकानुसार 10 न्यूटन-मीटरच्या वरच्या क्षमतेत चूक अधिक-उणे 4 टक्क्यांच्या आत असावी लागते. वापरकर्त्याने स्वतःची वेगळी नियंत्रण पद्धत ठरवलेली नसेल, तर 12 महिने किंवा 5000 वापर यांपैकी जे आधी येईल तेव्हा रेंच पुन्हा तपासून घ्यावा, असेही हे मानक सांगते. या रेंचवरच्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीची मुदत उलटून गेलेली होती, आणि तो आधीच्या कामानंतर 250 वर लावलेल्या अवस्थेतच खणात पडून होता.

स्प्रिंग दीर्घकाळ दाबलेली राहिली की तिचा जोर उतरू शकतो. म्हणून काम संपल्यावर क्लिक रेंच त्याच्या पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो. त्याहून खाली, मूठ सैल लागेपर्यंत उलटा फिरवायचा नसतो, कारण मग आतले भाग जागचे हलू शकतात. बरेच दिवस पडून असलेल्या रेंचमधले ग्रीसही जागोजागी साचलेले असते. त्यामुळे प्रत्यक्ष कामापूर्वी एखाद्या पक्क्या बसवलेल्या नटावर चार-पाच वेळा क्लिक करून घ्यावे, आणि मगच पहिल्या खऱ्या बोल्टाला हात लावावा. हा अर्ध्या मिनिटाचा उपचार फार थोड्या कार्यशाळांत पाळला जातो. क्लिक रेंचने कधीही बोल्ट सोडवू नये. अडकलेला बोल्ट किती टॉर्कने सुटेल याची काहीच मर्यादा नसते, आणि तो भार थेट रेंचच्या यंत्रणेवर येतो.

पुढे लावलेला पाना

वरच्या तीन बोल्टांवर पंपाच्या पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचा फ्लँज, म्हणजे जोडणीची रुंद कड, येत होता आणि तिथे सॉकेट बसत नव्हते. म्हणून फिटरने रेंचच्या चौकोनी टोकाला कावळ्याच्या पायासारखा, एका बाजूने उघडा असलेला क्रो-फूट पाना लावला आणि तो रेंचच्या सरळ रेषेत पुढे धरला. रेंचवरचा आकडा मात्र 150 च राहिला.

टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. रेंच आपले मोजमाप स्वतःच्या चौकोनी टोकापासून मुठीच्या मध्यापर्यंतच्या अंतराने करतो. इथे ते अंतर 50 सेंटिमीटर होते. पुढे लावलेल्या पान्यामुळे बोल्टाचे केंद्र आणखी 7.5 सेंटिमीटर पुढे गेले, म्हणजे प्रत्यक्ष भुजा 57.5 सेंटिमीटर झाली. त्यामुळे रेंच जेव्हा 138 ला वाजला, तेव्हा बोल्टावर 138 गुणिले 57.5 भागिले 50, म्हणजे सुमारे 159 न्यूटन-मीटर टॉर्क गेला. डायल रेंचने दिलेले 156 ते 160 हे आकडे याच्याशी नेमके जुळतात. रेंच अचूक असता, तर हेच तीन बोल्ट 172 च्या पुढे गेले असते.

अशा वेळी रेंचवर लावायचा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. हवा असलेला टॉर्क रेंचच्या लांबीने गुणावा आणि रेंचची लांबी अधिक पुढे वाढलेले अंतर यांच्या बेरजेने भागावा. इथे 150 गुणिले 50 भागिले 57.5, म्हणजे 130 वर रेंच लावायला हवा होता. हा हिशेब बरोबर यायचा तर हात मुठीच्या मध्यावरच हवा, कारण हात पुढे-मागे सरकला की ती लांबीही बदलते. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे: पाना रेंचशी काटकोनात लावावा. तसे केल्यास बोल्टाच्या दृष्टीने भुजा 50 सेंटिमीटरचीच राहते आणि आकडा बदलावा लागत नाही. तपासणीच्या वेळी याच तीन बोल्टांवर डायल रेंच वापरताना पाना काटकोनातच लावलेला होता.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. सॉकेट आणि रेंच यांच्यामध्ये, बोल्टाच्याच अक्षावर उभा राहणारा विस्तारदांडा लावल्याने टॉर्क बदलत नाही, कारण भुजा तेवढीच राहते. फक्त तो दांडा एका हाताने सरळ धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो तिरका होऊन सॉकेट बोल्टावरून निसटते. भुजा वाढवणारी आणि अक्षावर लांबी वाढवणारी जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिटरला ‘एक्स्टेन्शन लावलं तरी चालतं’ असे कधीतरी कोणीतरी शिकवलेले होते. ते दुसऱ्या प्रकाराबद्दल खरे होते, आणि त्याने ते पहिल्याला लावले.

कोरडे आटे

सहावा आणि सातवा बोल्ट निघाले तेव्हा उरलेले कोडे सुटले. जुन्यांपैकी दोन बोल्टांचे आटे खराब झाल्याने त्यांच्या जागी भांडारातून नवे आणले होते, आणि ते पुसून कोरडेच बसवले होते. आट्यांच्या टोकांवर धातू घासल्याची चमक स्पष्ट दिसत होती आणि वॉशरवर डोक्याने ओरखडलेले वर्तुळ उमटले होते. बाकीचे बोल्ट तेलाने ओलसर होते.

बोल्टावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. बोल्टाला ताणून जोड दाबून धरण्याचे खरे काम उरलेल्या 10 टक्क्यांच्या आसपास असलेला भाग करतो. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी ताण मोठ्या प्रमाणात बदलतो. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ताण म्हणजे टॉर्क भागिले घर्षणावर अवलंबून असलेला गुणांक (नट फॅक्टर) आणि बोल्टाचा व्यास यांचा गुणाकार. पोलादाच्या कोरड्या आट्यांसाठी हा गुणांक 0.20 आणि तेल लावलेल्यांसाठी 0.15 च्या आसपास धरतात. या हिशेबाने पुस्तिकेला अपेक्षित ताण 62 ते 63 किलोन्यूटन येतो. प्रत्यक्षात सात बोल्टांवर सुमारे 57, वरच्या तीनांवर 66 आणि कोरड्या दोनांवर पहिल्या जुळणीत केवळ 43 किलोन्यूटन ताण होता. रेंच 180 वर नेऊन पुन्हा आवळल्यावरही तो 52 च्या आतच राहिला. हे आकडे अंदाजाचे असले तरी गॅस्केटच्या जाडीची मोजमापे त्यांना पाठिंबा देतात.

बाराही बोल्टांवर आवाज एकसारखा आला होता आणि ताणात मात्र दीडपट फरक होता. उलट बाजूचा धोकाही तेवढाच खरा आहे. तेलाऐवजी मॉलिब्डेनम किंवा तांब्याची पेस्ट लावली आणि आकडा तोच ठेवला, तर घर्षण आणखी घटून बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, प्रसंगी तुटतो. पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा नेहमी आट्यांच्या अवस्थेसोबतच वाचायचा असतो.

दुसरी जुळणी

दुसऱ्या वेळी नवे गॅस्केट घेतले, बाराही बोल्ट एकाच लॉटमधले घेतले आणि सगळ्यांचे आटे व डोक्याखालची बाजू एकाच यंत्रतेलाने ओलसर केली. बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, म्हणजे कुठे आटा अडकत असेल तर तिथेच कळावे. आवळण्यासाठी 40 ते 200 न्यूटन-मीटरचा, वैध कॅलिब्रेशन असलेला क्लिक रेंच घेतला. 150 हा आकडा त्याच्या पट्टीच्या मधल्या-वरच्या भागात येतो, हे त्याच्या निवडीचे कारण होते. पट्टीच्या अगदी तळाशी काम करावे लागत असेल तर लहान रेंच घ्यावा.

हाच नियम पंपाच्या यांत्रिक सीलच्या एम8 बोल्टांनाही लागू झाला. त्यांना 20 न्यूटन-मीटर हवे होते आणि मोठ्या रेंचची पट्टी 60 पासून सुरू होत असल्याने पहिल्या वेळी ते हाताच्या अंदाजाने आवळले गेले होते. या वेळी त्यांच्यासाठी 5 ते 25 क्षमतेचा रेंच वापरला.

झाकणाचे बोल्ट 1, 7, 4, 10, 2, 8, 5, 11, 3, 9, 6, 12 या क्रमाने, म्हणजे समोरासमोर, आधी 45, मग 100 आणि मग 150 असे तीन फेऱ्यांत आवळले. त्यानंतर 150 वरच शेजारून शेजारी अशी गोल फेरी घेतली आणि एकही बोल्ट हलेनासा होईपर्यंत ती चालू ठेवली. पहिल्या गोल फेरीत जवळजवळ सगळे बोल्ट थोडे थोडे हलले. शेजारच्या बोल्टाने उतरवलेला ताण भरून निघतो तो याच फेरीत, आणि घाईत नेमकी हीच फेरी गाळली जाते. रेंच मुठीच्या मध्यावर धरून, झटका न देता, सावकाश आणि एकसारखा ओढला. गॅस्केट दाबाखाली काही काळ बसत जाते, म्हणून चार तास थांबून, पाण्याचा दाब देण्यापूर्वी, आणखी एक गोल फेरी घेतली.

अंतिम पडताळणी वेगळ्या प्रकारच्या रेंचने, डिजिटलने केली. त्यात भाराने धातूत होणारा सूक्ष्म बदल मोजणारा स्ट्रेन गेज असतो आणि तो चालू करताना कोणताही भार नसलेल्या, स्थिर अवस्थेत शून्य पकडतो. हातात हलत असताना चालू केला तर शून्यच चुकीचे बसते. बोल्ट आवळण्याच्या दिशेने अगदी सावकाश ओढून तो हलू लागतो त्या क्षणाचा आकडा पाहिला आणि बाराही आकडे साठवले. टॉर्कनंतर ठराविक कोनात फिरवायचे बोल्ट असते, तर कोन मोजणारा डिजिटल रेंच आवळणीसाठीही लागला असता. इथे तशी गरज नव्हती.

पट्टीचा साधा, वाकणाऱ्या दांड्याचा रेंचही या कामात उपयोगी पडला. झाकण बसवल्यावर पंपाचा दांडा मोकळा फिरतो का आणि फिरवताना किती विरोध होतो, हे पाहायचे होते. फिरत असतानाचा टॉर्क क्लिक रेंच दाखवूच शकत नाही. पट्टीच्या रेंचमध्ये काटा सतत दिसतो, स्प्रिंग नसल्याने तिचा जोर उतरण्याचा प्रश्न नसतो, आणि भार नसताना काटा शून्यावर आहे की नाही हे नजरेलाच कळते. त्याची दोन पथ्ये आहेत. डोळा काट्याच्या सरळ वर हवा, तिरकस पाहिल्यास आकडा चुकतो. आणि त्याची मूठ ज्या खिळीवर झुलते त्या खिळीवरच जोर पडला पाहिजे, मुठीचे टोक दांड्याला टेकता कामा नये. जुना प्रकार म्हणून या रेंचकडे कमीपणाने पाहिले जाते, ते मला पटत नाही. दुसऱ्या रेंचवर शंका आली की कार्यशाळेत पहिली खात्री करून घेण्यासाठी याच्याइतके सोपे साधन नाही.

दुसरी चाचणी 10 बारवर कोरडी पार पडली.

जुनी कामे

दोष असलेला रेंच स्प्रिंग बदलण्यासाठी पाठवला गेला. तेवढ्यावर प्रकरण बंद करणे चूक ठरले असते, कारण 8 टक्के कमी टॉर्क देणाऱ्या रेंचने शेवटच्या वैध प्रमाणपत्रानंतर आणखी किती जोड आवळले, हा प्रश्न उरत होता. जॉब कार्डावर तोपर्यंत फक्त ‘टॉर्क केले’ असे लिहिले जात होते, कोणत्या रेंचने केले ते नव्हे. त्यामुळे त्या काळातल्या, रेंचच्या क्षमतेत बसणाऱ्या सगळ्याच जोडांची यादी करावी लागली. गॅस्केट नसलेल्या, धातूवर धातू बसणाऱ्या जोडांचे बोल्ट डायल रेंचने जागेवर तपासले. गॅस्केट असलेल्या जोडांत मात्र तापमान सोसलेले दाबीव तंतूंचे गॅस्केट पुन्हा आवळल्यास फुटू शकते, म्हणून ते जोड पुढच्या नियोजित बंदच्या वेळी खोलून नव्या गॅस्केटसह बसवण्यासाठी राखून ठेवले आणि तोवर गळतीसाठी त्यांची नियमित पाहणी ठरवली. जॉब कार्डात आता रेंचचा क्रमांक, त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत, आट्यांना लावलेले वंगण आणि पुढे लावलेला पाना असल्यास त्याची लांबी व कोन, असे चार रकाने वाढवले आहेत.